गावातला प्रश्न विधानसभेत कसा पोचवायचा, आणि मंत्र्याचं उत्तर आलं की पुढं काय करायचं

आपल्याकडं मराठवाड्यात काम अडलं की पद्धत ठरलेली आहे. पाचपन्नास जणांनी जमायचं, तहसीलला नाहीतर कलेक्टर ऑफिसला जायचं, निवेदन देताना फोटो काढायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा आणि वाट बघत बसायचं. लईच झालं तर डिसेंबरात नागपूरला मोर्चा. मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही, पण मोर्चाला भेटायला आलेला मंत्री तोंडी बोलतो आणि ते बोलणं तिथंच विरतं. सभागृहात तोच मंत्री जे बोलतो ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं जातं, छापलं जातं आणि दिलेला शब्द पाळला का हे बघायला वेगळी समिती असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, विषय आधी सभागृहाच्या रेकॉर्डवर आणा आणि मग त्या रेकॉर्डच्या मागं लागा.

हे होतं का? होतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही कुजबूज गावागावात आधीपासून होतीच, बातम्याही आल्या. पण जून २०१९ मध्ये विधान परिषदेत विषय निघाला तेव्हा त्यावेळचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना सभागृहात आकडा द्यावा लागला, जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. चौकशी समिती नेमावी लागली. तोवर ‘असं काही नाही हो’ म्हणणाऱ्यांना त्या आकड्यानंतर तसं म्हणता येईना.

खाली जे लिहिलंय ते समजायला एकच उदाहरण धरू. समजा तुमच्या गावात जल जीवन मिशनची नळयोजना मंजूर झाली, टाकी उभी राहिली, पाईप गाडले, रस्ता उकरून ठेवला, बिलं निघाली, आणि नळाला पाणी येईना. अशी गावं आपल्या आठ जिल्ह्यांत शोधायला लांब जावं लागत नाही.

आधी बघा, विषय कुणाच्या दारातला आहे

इथंच निम्मी लोकं चुकतात. रेल्वे, नॅशनल हायवे, राष्ट्रीयीकृत बँका, पोस्ट हे खासदाराकडं. महावितरण, एसटी, पाटबंधारे, जिल्हा परिषद, सरकारी दवाखाना, शाळा हे आमदाराकडं. पाणी हा घटनेप्रमाणं राज्याचा विषय आहे, पण जल जीवन मिशनमध्ये महाराष्ट्रात निम्मा पैसा केंद्राचा असतो, म्हणजे प्रश्न दोन्हीकडं विचारता येतो. फक्त लोकसभेत विचारला तर उत्तराची सुरुवात बहुतेक ‘पाणी हा राज्याचा विषय आहे’ अशी होणार हे गृहीत धरा. गावच्या योजनेचा नेमका हिशोब पाहिजे असंल तर विधानसभा बरी.

दुसरं म्हणजे, आपल्याच मतदारसंघाच्या आमदारानं प्रश्न विचारला पाहिजे असा नियम नाही. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, त्यात मराठवाड्याचे ४६. शिवाय विधान परिषदेत ७८ जण, त्यात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधरांचा आमदार आणि एक शिक्षकांचा, वर स्थानिक स्वराज्य संस्थांमधून निवडून जाणारे. तुमचा आमदार मंत्री असंल तर त्याला प्रश्न विचारताच येत नाही, तो उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसतो. सत्ताधारी असंल तर कधीकधी कुचराई करतो, ठेकेदार त्याच्याच माणसांपैकी असला तर विचारूच नका. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातला गाठा, विरोधी पक्षातला गाठा, परिषदेतला गाठा. प्रश्नांच्या छापील यादीत एकेका प्रश्नाखाली दहावीस आमदारांची नावं दिसतात, म्हणजे चार जणांना मसुदा दिला तरी बिघडत नाही, उलट एकाचा हुकला तर दुसऱ्याचा लागतो.

कागदाशिवाय आमदाराच्या दारात जाऊ नका

आमदाराकडं रोज शंभर माणसं येतात, बदली, दवाखाना, लग्नपत्रिका. तुमचं तोंडी गाऱ्हाणं तो ऐकून घेईल, पीएला सांगेल ‘बघ रे यांचं’, आणि संपलं. हातात फाईल असली की वेगळं पडतं.

म्हणून पहिलं काम माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, हे दोन नियम मोडले की अर्ज परत यायची भीती. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं लिहा आणि मोघम ‘योजनेची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, कागदांची नावं घ्या. मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ती, आजवर दिलेली देयकं, मुदतवाढ दिली असंल तर तो आदेश, आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल. एमबी सगळ्यात महत्त्वाची, कारण किती मीटर पाईप टाकला म्हणून बिल काढलंय ते तिच्यात असतं आणि गावात टेप घेऊन मोजता येतं.

उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, ते २० रुपयांत. त्यानंतर दुसरं अपील ९० दिवसांत माहिती आयोगाकडं, आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे, पण तिथं नंबर लागायला वेळ जातो आणि तोवर दोन अधिवेशनं होऊन जातील, तेव्हा त्याच्या भरवशावर थांबू नका. एक सोपी वाट लोकं वापरत नाहीत. त्याच कायद्यात फाईल आणि प्रत्यक्ष काम बघायचा, टिपणं घ्यायचा हक्क आहे. अर्जात ‘अभिलेख पाहणी’ मागा, ऑफिसात बसून फाईल चाळा, पाहिजे त्याच पानांच्या प्रती घ्या. फाईल बघायला माणूस येणार म्हटलं की ऑफिसातली हालचाल आपोआप वाढते, हा फायदा वेगळाच.

याच्या जोडीला ग्रामसभेचा ठराव, नळाचे तारीख दिसणारे फोटो, आणि आधी दिलेल्या निवेदनांच्या पोचपावत्या. निवेदन दिल्यावर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडायचं नाही. फोटो नंतर काढा.

आता मसुदा, सगळी मेख इथं आहे

आमदाराला नुसती फाईल देऊन भागत नाही, प्रश्न तयार करून द्या. पीए लोकांना टाईप करून आणलेला मसुदा लई आवडतो, त्यांचं काम वाचतं. महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नाची ठरलेली भाषा आहे, आपणही तीच वापरायची. वर ‘सन्माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ आणि खाली असं:

(१) अमुक तालुक्यातील अमुक गावात जल जीवन मिशन अंतर्गत मंजूर नळ पाणीपुरवठा योजनेचे काम कार्यारंभ आदेशातील मुदत संपूनही अपूर्ण आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर कामापोटी कंत्राटदारास आजपर्यंत किती रक्कम अदा करण्यात आली व प्रत्यक्षात किती लांबीची जलवाहिनी टाकण्यात आली आहे,
(३) तसेच सदर कामाची त्रयस्थ यंत्रणेमार्फत तपासणी कोणत्या दिनांकास करण्यात आली व त्यात काय आढळून आले,
(४) असल्यास, त्यानुसार शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

शेवटच्या दोन ओळी जवळजवळ प्रत्येक प्रश्नात असतात, त्यांच्यात जीव नाही. जीव दोन आणि तीनमध्ये आहे. नुसतं ‘गैरव्यवहार झाला आहे, हे खरे आहे काय’ विचारलं की उत्तर दोन शब्दांत येतं, ‘हे खरे नाही’, आणि तुमचा विषय रेकॉर्डवर खोटा म्हणून नोंदला जातो. रक्कम किती, लांबी किती, तारीख कोणती असं विचारलं की काहीतरी आकडा द्यावाच लागतो, आणि तो आकडा तुमच्या हातातल्या एमबीशी जुळला नाही तर मग खरी मजा.

प्रश्नात विशेषणं नकोत. भ्रष्ट, संगनमत, लुटारू टोळी वगैरे लिहिलं की विधानमंडळाच्या सचिवालयातच काट बसते, कारण आरोप, तर्क, टोमणे असलेला प्रश्न नियमात बसत नाही. कोर्टात चालू असलेल्या विषयावरचाही बसत नाही. म्हणून हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका टाकायचा विचार असंल तर आधी ठरवा, प्रश्न आधी का याचिका आधी. माझ्या मते प्रश्न आधी, कारण मंत्र्यानं दिलेलं लेखी उत्तर नंतर याचिकेला जोडता येतं.

वेळ हुकली की अख्खं अधिवेशन गेलं

वर्षात तीन अधिवेशनं असतात. बजेटचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी जून-जुलैच्या आसपास, आणि हिवाळी डिसेंबरात नागपूरला, ते १९५३ च्या नागपूर करारामुळं. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात उत्तर देतो आणि त्यावर तोंडी उपप्रश्न विचारता येतात तो. अधिवेशन सुरू झाल्यावर तो द्यायला जाणं म्हणजे पेरणी संपल्यावर बियाणं आणायला जाणं. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी ऑनलाईन भरावे लागतात, त्याच्या तारखा सदस्यांना कळवलेल्या असतात आणि पीएला माहीत असतात. म्हणून आमदाराच्या आधी पीएशी ओळख करा. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात मसुदा त्याच्या हातात पाहिजे, आणि भरल्यावर प्रश्नाचा क्रमांक मागून घ्या. ‘टाकला साहेबांनी’ एवढ्यावर समाधान मानू नका.

उशीर झालाच तर दुसरी आयुधं, म्हणजे सभागृहात विषय काढायचे नियमातले मार्ग, आहेत. लक्षवेधी सूचना, नियम १०५ ची, ती चालू अधिवेशनात देता येते, तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा विषय पाहिजे. एका गावाची योजना म्हणून दिली तर अवघड, तालुक्यातल्या पंधरा गावांची म्हणून दिली तर मान्य व्हायचा संभव जास्त, तेव्हा शेजारच्या गावांना बरोबर घ्या. लक्षवेधीचा जोर असा की मंत्री निवेदन करतो आणि त्यावर तिथल्या तिथं उलटतपासणी होते, म्हणून मला स्वतःला तारांकितापेक्षा ती जास्त आवडते. बजेटच्या अधिवेशनात खात्याच्या मागण्या चर्चेला येतात तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असं सुचवून विषय काढायची सूचना, देता येते. औचित्याचा मुद्दा हा शेवटचा, मिनिटभरात बोलून मोकळं व्हायचं, व्हिडिओ चांगला येतो, हाती फारसं लागत नाही. आमदार लोकांना तोच सोपा पडतो, म्हणून ‘साहेबांनी सभागृहात आवाज उठवला’ असं स्टेटस दिसलं की आधी विचारा, कुठल्या आयुधानं?

तारांकित प्रश्न यादीत खाली असला आणि प्रश्नोत्तराचा तास संपला तर तोंडी उपप्रश्न बुडतात, पण लेखी उत्तर मिळतं. ते घ्या, सोडू नका.

उत्तर कसं वाचायचं

उत्तरं विधानमंडळाच्या वेबसाईटवर येतात, आमदाराकडूनही मिळतात. वाचायची एक सवय लावून घ्यावी लागते. ‘हे खरे आहे’ आलं तर सोनं. ‘हे अंशतः खरे आहे’ आलं तर कुठला अंश, ते खालच्या ओळींत शोधा. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे बहुतेक पहिल्याला ‘नाही’ म्हटल्यावर बाकीच्यांना मिळालेलं उत्तर असतं. ‘कार्यवाही प्रगतीपथावर आहे’ याला काडीचा अर्थ नाही, तारीख नसलेलं प्रत्येक वाक्य तसंच समजा.

उत्तर मंत्र्याच्या नावानं येतं, पण त्याचा मजकूर मंत्रालयातून विभागाकडं, तिथून जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्याकडं आणि शेवटी तुमच्या तालुक्याच्या उपअभियंत्याच्या टेबलावर येऊन परत त्याच वाटेनं वर जातो. म्हणजे ज्यानं बिल काढलं त्याच्याच माहितीवर उत्तर तयार होतं. म्हणून उत्तर आल्यावर पुन्हा माहिती अधिकार टाका, यावेळी ‘अमुक क्रमांकाच्या तारांकित प्रश्नाच्या उत्तरासाठी पाठवलेल्या माहितीची प्रत’ मागा. उत्तर आणि एमबी यांच्यात फरक निघाला तर आमदाराला हक्कभंगाचा मुद्दा मिळतो, कारण सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती देणं हा विशेषाधिकाराचा भंग. एवढं पत्रात लिहिलं तरी उपअभियंता स्वतः गावात येतो.

उत्तरानं समाधान झालं नाही तर त्याच प्रश्नावर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. प्रश्न मात्र एका अधिवेशनातून दुसऱ्यात आपोआप जात नाही, प्रत्येक वेळी नवी सूचना.

आश्वासन म्हणजे काय, आणि काय नाही

सभागृहात मंत्री म्हणाला ‘तीन महिन्यांत योजना पूर्ण करू’, ‘चौकशी करून कारवाई करू’, ‘अहवाल पटलावर (म्हणजे सभागृहापुढं) ठेवू’, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत अशा आश्वासनाच्या पूर्ततेला तीन महिने धरलेले आहेत, पुढं मुदतवाढ मागावी लागते. तुमचं काम एवढंच की कामकाजातलं ते वाक्य तारखेसह काढून ठेवा, मुदत उलटली की समितीच्या नावानं विधानभवनाला पत्र टाका आणि प्रत आमदाराला.

पण भाषणातली घोषणा म्हणजे आश्वासन नाही. १६ सप्टेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली, मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून जास्तीच्या घोषणा झाल्या. त्या समितीच्या कक्षेत येत नाहीत, कारण त्या सभागृहात झालेल्या नाहीत. त्यातल्या तुमच्या तालुक्याच्या कामाचं काय झालं हे प्रश्न विचारून सभागृहात वदवून घेतलं, की मग ते रेकॉर्डवरचं बोलणं होतं.

समित्या आणि ऑडिट

जिल्हा परिषदेच्या कामासाठी सगळ्यात धाक पंचायती राज समितीचा, म्हणजे पीआरसीचा. ‘पीआरसी यायलीय’ म्हटलं की झेडपीत रजा बंद होतात, शाळा रंगतात, रजिस्टरं पुरी होतात. आमदारांची ही समिती स्थानिक निधी लेखापरीक्षणातले आक्षेप घेऊन अधिकाऱ्यांच्या साक्षी काढते आणि गटागटानं तालुक्यात फिरते. दौरा आधी जाहीर होतो. सदस्याच्या हातात दोन पानांचं टिपण द्या, जास्त नको, त्याला गाडीत वाचता आलं पाहिजे. तुमच्या योजनेवर ऑडिटचा आक्षेप असंल तर त्याचा क्रमांक पहिल्या ओळीत.

मोठ्या योजनांसाठी कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल. तो घटनेच्या कलम १५१ प्रमाणं राज्यपालांमार्फत विधानमंडळासमोर येतो आणि तो तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीकडं जातो. सप्टेंबर २०२० मध्ये जलयुक्त शिवारवरचा अहवाल पटलावर आला, ९,६३३.७५ कोटी खर्चूनही भूजल वाढवण्यात फारसं यश नाही असं त्यात म्हटलं, तपासलेल्या सहा जिल्ह्यांत बीड होता. त्याच वर्षी सरकारला चौकशी नेमावी लागली. कॅगचे अहवाल त्यांच्या वेबसाईटवर फुकट मिळतात, आपल्या जिल्ह्याचं नाव शोधा, पान क्रमांक लिहून ठेवा, प्रश्नाच्या मसुद्यात तो टाकला की मंत्र्याला ‘हे खरे नाही’ म्हणणं जड जातं.

खासदाराकडं जायचं असंल तर दोन वाटा. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, प्रश्न लागतात, सूचना किमान १५ दिवस आधी. अतारांकितच मागा, लेखी उत्तर आकड्यांसकट मिळतं आणि तारांकितासारखं चिठ्ठीच्या नशिबावर फार अवलंबून राहावं लागत नाही. दुसरी वाट दिशा समिती. जिल्ह्यात केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी ही समिती खासदाराच्या अध्यक्षतेखाली असते, तिमाहीला बैठक अपेक्षित आहे. मागच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. बैठकच झालेली नसंल तर तेही लेखी मिळंल, आणि तो स्वतंत्र विषय होतो.

मराठवाड्यासाठी अजून एक खिडकी होती, फार कमी जणांना आठवते. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ आलं, त्याच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं ठेवायचा असं कलमातच लिहिलंय. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुशेषावर भाषणं करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला हे एकदा विचारा, मुदतवाढीसाठी तुम्ही कुठल्या आयुधानं प्रश्न मांडला, क्रमांक काय.

दोन धोके

प्रश्न टाकायचा आणि मग तोडपाणी करायची ही बोंब जुनी आहे. २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून ११ खासदारांना संसदेतून काढलं होतं. म्हणून प्रश्न लावून देतो म्हणून कुणी खर्च मागितला तर तिथून उठा. आणि प्रश्न लागल्यावर ठेकेदार गावात येऊन ‘बसून मिटवू’ म्हणाला तर बसणं ग्रामसभेत, एकट्यानं नाही. मसुदा चार आमदारांना द्या म्हणालो त्याचं हेही एक कारण.

दुसरा धोका तुमच्या मोबाईलात. आमदार सभागृहात जे बोलतो त्यावर कोर्टात खटला होत नाही, घटनेच्या कलम १९४ चं संरक्षण आहे. तेच वाक्य तुम्ही स्टेटसला टाकलं, वर ठेकेदाराचं नाव आणि ‘चोर’ असा शब्द जोडला, तर नोटीस तुम्हाला येणार. उत्तराची प्रत जशीच्या तशी टाका, शेजारी नळाचा तारखेचा फोटो टाका, आणि खाली प्रश्नाचा क्रमांक.